कधी कधी न लागणाऱ्या ब्रेकाची थोरवी

ज्याच्या गाडीचा ब्रेक रोज लागतो त्या माणसाबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. ज्याचा ब्रेक कधीच लागत नाही त्याची गाडी गॅरेजच्या कुंपणाशी उभी असते आणि तिच्याभोवती तरोटा माजलेला असतो. लेख लिहावा तो तिसऱ्या प्रकारावर. महिनाभर नीट लागणारा, एखाद्या मंगळवारी मूर्तिजापूरच्या अलीकडे पेडल पार तळाला सोडून देणारा आणि मेकॅनिकसमोर उभा केला की पुन्हा सभ्य होणारा ब्रेक. असा ब्रेक नशिबी आला असूनही त्याचं कारण शोधून काढण्याचा मोह ज्यांनी वर्षानुवर्षं आवरला आहे, त्या थोर पुरुषांची दखल कोणी घेत नाही. ती घ्यावी म्हणून हा प्रपंच.

या साधनेला वऱ्हाडाइतकी अनुकूल भूमी नाही. वऱ्हाडाचे जुने तीन भाग: वर मेळघाट, खाली बालाघाट आणि मध्ये सपाट पायनघाट. अमरावती आणि अकोला दोन्ही पायनघाटातली. बडनेऱ्याहून निघावं, लोणी, कुरुम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्यात शिरावं. चढ नाही, उतार नाही, वळणंही बेताची. ब्रेकचं काम पडतं ते ट्रॅक्टर उलट्या बाजूने आला तर, किंवा म्हशींना रस्ता आपलाच आहे हे आठवलं तर. जिथे थांबायची गरज कमी तिथे न थांबण्याचा दोष झाकून राहायला भरपूर वाव, हे उघड आहे.

त्यात या रस्त्याला जागतिक कीर्ती लाभली. जून 2022 मध्ये राष्ट्रीय महामार्ग 53 वर लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनच्या हिशेबाने 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा होता. तो आपण मोडला. 720 माणसं रात्रंदिवस राबली. कौतुक व्हायलाच हवं, झालंही. आता इतक्या वेगाने झालेल्या रस्त्यावर माणसाने ब्रेक तपासत बसावं, हे त्या कामगारांच्या घामाचा अपमान केल्यासारखंच नाही का? रस्ता करण्याचा विक्रम असतो, रस्ता कापण्याचाही असतो. थांबण्याचा विक्रम गिनीजकडे असल्याचं कोणी सांगत नाही.

खरं तर थांबण्याच्या बाबतीत आमच्याकडे आदर्श होता तो शकुंतलेचा. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी ती नॅरोगेज इतक्या सबुरीने चालायची की तिला थांबवणं हा वेगळा विषयच नव्हता. पुढे ती थांबली ती एकदाची थांबली. असो.

आमच्या शेजारी राहणारे काकाजी हे या संप्रदायातले सिद्धपुरुष. राहणार अमरावतीचे, लेक दिलेली अकोल्याला, आणि दोन्हींच्या मध्ये जा-ये करणारी एक जुनी डिझेल जीप. कंपनीचं नाव सांगत नाही; कंपनीनेही त्या मॉडेलचं नाव घेणं केव्हाच सोडलं आहे. पाटी अर्थातच एमएच-27. या जीपचा ब्रेक “कधी कधी” लागत नाही. कधी, हे विचारायचं नाही. काकाजींच्या मते “कधी कधी” हेच पूर्ण उत्तर आहे.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा जीप अमरावतीतल्या एका गॅरेजात गेली. मेकॅनिक आत बसला, पेडलवर तीनदा धाड-धाड पाय मारला आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

“काकाजी, ब्रेक तं एक नंबर हाये.”

“काल नव्हता ना, बाप्पा.”

“काल हवा धरली असंन. आज पाहा ना, दगडावानी पेडल हाये. न्या बिनधास्त.”

काकाजींनी नेली. पुढच्या वेळी अकोल्यात तेच झालं, म्हणून अकोल्यातल्या गॅरेजात दाखवली. तिथल्या मेकॅनिकने बोनेट उघडलं, आत एक नजर टाकली आणि डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तशी मुद्रा करून विचारलं, “अमरावतीत हात लावला काय कोनी याले?” लावला होता. मग काय, निदान झालंच. अमरावतीवाल्याने बिघडवलं असं अकोल्याचं मत. अकोलेवाल्याने हात लावला तेव्हापासून बिघडलं असं अमरावतीचं मत. दोन्ही शहरांत एकमेकांबद्दल जे प्रेम आहे ते पाहता या मतांना ब्रेकच्या पुराव्याची गरज नव्हती. एका बिघाडाला दोन जिल्ह्यांत दोन कारणं मिळाली आणि दोन्ही कारणं दुसऱ्या जिल्ह्यात होती. इतकी सोय क्वचित कोणाची होते.

मग हवा काढण्याचा विधी. तो बघण्यासारखा असतो. मेकॅनिक चाकामागे आडवा होतो, निपलला पाना लावतो, निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचं दुसरं टोक थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत सोडतो. मालक सीटवर. खालून आवाज येतो, “मारा… मारा… मारा… धरा!” मालक पाय दाबून धरतो. पाना फिरतो, नळीतून तपकिरी तेल आणि त्यात चार बुडबुडे जातात, पेडल पायाखालून सरकतं. “सोडू नका!” पाना आवळला जातो. “आता सोडा.” बुडबुडे दिसले की दोघांनाही समाधान. रोग डोळ्यांनी बाहेर जाताना पाहायचं भाग्य माणसाच्या डॉक्टरकडेही लाभत नाही. हवा आत शिरली कुठून, हे विचारणं त्या क्षणी अशुभ मानतात. आणि बाटलीत जमलेलं तेल? ते वर डबीत परत ओततात. चांगलं तेल वाया कशाला घालवायचं?

हवा काढूनही जेव्हा मंगळवार परत आला, तेव्हा सामान बदलायला सुरुवात झाली. आधी मास्टर सिलिंडरचं किट, मग मागचे लायनर, मग एका चाकाचा सिलिंडर, मग लेथवर ड्रम, मग दुसऱ्या चाकाचा सिलिंडर, मग पुढचे होज पाईप. क्रम कशावरून ठरला? दुकानात त्या दिवशी काय शिल्लक होतं त्यावरून. ही पद्धत शास्त्रशुद्ध नाही असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: प्रत्येक सुट्या भागानंतर ब्रेक काही दिवस लागत होता. अर्थात तो भाग न बदलताही काही दिवस लागतच होता. पण मग त्या दिवसांचं श्रेय कोणाला द्यायचं, हा पेच पडला असता. आता बिलावर नाव तरी आहे.

मध्यंतरी एका मूर्तिजापूरच्या उत्साही माणसाने डबीत तेल कमी दिसलं म्हणून हाताशी होतं ते जॅकचं तेल ओतलं. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. ती फुगली. त्यानंतरचे काही दिवस ब्रेक न लागण्याची तक्रार पूर्ण बंद झाली, कारण ब्रेक सुटतच नव्हता. चाकं तापून वास यायचा आणि जीप ढकलूनही हलायची नाही. काकाजी या काळाचा उल्लेख आजही “ब्रेक सुधारला होता तेव्हा” असाच करतात.

या मार्गावर एकच धोका आहे आणि नवशिक्यांना त्याची कल्पना आधीच दिलेली बरी. तो म्हणजे निदान होण्याचा. काही गोष्टी चुकूनही करू नयेत. इंजिन चालू ठेवून पेडलवर हलकेच पाय ठेवून मिनिटभर तसाच दाबून धरू नये. मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर झिजलं असेल तर बाहेर थेंबही न गळता पेडल हळूहळू खाली बसत जातं आणि रहस्य फुटतं. धाड-धाड तीनदा मारावं. जोराच्या दाबाने तेच झिजलेलं रबर ताठ होऊन भिंतीला चिकटतं आणि पेडल दगडासारखं लागतं. मेकॅनिक लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत ते उगाच नाही.

तसंच, डबीतलं तेल दर वेळी थोडं कमी होतं पण जमिनीवर डाग नाही, अशी गंमत असेल तर ती गंमतच राहू द्यावी. मास्टर सिलिंडर खोलून त्याच्या मागे बूस्टरच्या तोंडाशी बोट फिरवू नये. मागच्या सीलमधून तेल बूस्टरच्या पोटात जात असेल तर बोट ओलं होईल आणि इतकी वर्षं चाललेली चर्चा एका बोटावर संपेल. चाकाच्या सिलिंडरचं रबरी टोपण उचलून आत ओल आहे का पाहू नये. एकेका चाकाचा होज पाईप शिकंज्यात हलके दाबून कोणतं चाक दाबलं की पेडल वर येतं, हे तर मुळीच पाहू नये. त्या प्रकाराला फार वेळ लागत नाही, हाच त्याचा मुख्य दोष आहे.

शेतातून दगडगोट्यांच्या पांदण रस्त्याने हायवेला लागलं की पहिला ब्रेक खाली जातो आणि दुसरा वर येतो, असं काकाजींच्या ड्रायव्हरने एकदा सांगितलं होतं. हा फार धोकादायक मुलगा. पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं असेल तर खडबडीत रस्त्यावर डिस्क डुगडुगते, पॅड मागे ढकलले जातात आणि मग पहिल्या दाबाला ते नुसते जागेवर येतात. मेकॅनिक चाचणी घेतो ती गॅरेजपुढच्या गुळगुळीत रस्त्यावर. तिथे काही होत नाही आणि व्हायचंही नाही. ड्रायव्हरला सांगण्यात आलं, तू गाडी चालव.

आता थोडं ऋतूंबद्दल. ब्रेकच्या तेलाला ओलाव्याची ओढ असते. रबरी नळ्यांतून, डबीच्या झाकणातून हवेतली ओल ते शोषून घेतं. डॉट 3 प्रतीचं कोरं तेल 205 अंशांच्या खाली उकळू नये असा दंडक आहे, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तोच दंडक 140 अंशांवर येतो. म्हणूनच साधारण दोन वर्षांनी तेल बदला असं सांगतात. सांगणारे लोक वऱ्हाडातले नसावेत. आमच्याकडे तेल पावसाळ्यात पाणी पितं, हिवाळ्यात गप्प बसतं, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला की सगळं कुटुंब जीपमध्ये कोंबून जिथे जावं तिथे जातं, म्हणजे चिखलदऱ्याला. चिखलदरा ते परतवाडा उतार सुमारे 700 मीटरचा. माणसं, डबे, पाण्याचा कॅन धरून गाडीचं वजन 1800 किलो धरा. ही सगळी उतरण ब्रेकांनीच झेलली तर जी उष्णता निघते तिच्यात 35-40 लिटर पाण्याला उकळी येईल. लग्नातल्या चहाचं मोठं पातेलं म्हणा. ते पातेलं चार चाकांवर ठेवून आपण खाली येतो. तेल उकळतं, नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते पण दाब पुढे देत नाही, आणि पेडल मऊ होऊन तळाला जातं. घाबरून गाडी कडेला घेतली, सर्वांनी संत्री खाल्ली, तासाभराने तेल थंड, वाफेचं पुन्हा तेल, ब्रेक एक नंबर. परतवाड्याचा मेकॅनिक तीनदा पाय मारून सांगतो, काही नाही. तो खोटं बोलत नसतो.

ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, असं जुने ट्रकवाले सांगतात. त्यामुळे इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकला विश्रांती मिळते. पण डिझेल? काकाजी उतारावर न्यूट्रल करतात; वाटलं तर किल्लीही फिरवतात. जुन्या डिझेल गाड्यांत बूस्टरला लागणारी निर्वात ओढ अल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या पंपातून मिळते. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. उरलेल्या ओढीवर दोन-तीनदा ब्रेक हलका लागतो, मग पेडल लोखंडाचं होतं. मऊ पेडल आणि लोखंडी पेडल हे दोन परस्परविरुद्ध अनुभव एकाच घाटात मिळाल्यामुळे निदान करणाऱ्याची जी पंचाईत होते, ती पाहून काकाजींना मनापासून आनंद होतो. वाचलेलं डिझेल वेगळंच.

काकूंचं योगदान विसरून चालणार नाही. ब्रेकबद्दल त्या एक शब्द बोलत नाहीत. त्यांनी चिखलदऱ्यालाच एकदा बेताच्या आकाराचे दोन दगड निवडून घेतले आणि मागच्या सीटखाली ठेवले. गाडी कुठेही थांबली की त्या आधी उतरतात, चाकामागे दगड लावतात आणि मग म्हणतात, “उतरा आता.” दसऱ्याला स्टिअरिंगला झेंडूची माळ पडते, बोनेटवर नारळ फुटतो, आणि काकू त्या दोन दगडांनाही हळदकुंकू लावतात. जीपमधल्या ज्या वस्तू दर वेळी काम करतात त्यांची पूजा त्यांनी केली, एवढंच.

कायदाही उपासकाच्या बाजूने आहे. खासगी गाडी नोंदवली की 15 वर्षं तिच्या ब्रेककडे कोणी पाहायला येत नाही. धूर मात्र ठराविक मुदतीने तपासावा लागतो. म्हणजे गाडी कोणाला धडकली तर निदान स्वच्छ धूर सोडत धडकेल. विमाही घ्यावा लागतो, आणि त्याचं नावच तिसऱ्या माणसासाठी ठेवलेलं आहे. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. कारची फी 600 होती ती 1 एप्रिल 2022 पासून 5000 झाली, तेव्हा काकाजींनी फार मनाला लावून घेतलं. ब्रेक न लागल्याने त्यांची झोप कधी उडाली नव्हती. नूतनीकरणाच्या दिवशी तपासणीसाठी जीप सकाळी, थंड, सपाट मैदानावर उभी होती. ब्रेक लागला, हे सांगायला नकोच.

या सगळ्यात विघ्न आलं ते घरातूनच. पॉलिटेक्निकला असलेला भाचा सुट्टीत आला आणि त्याने एक वही आणली. “मामाजी, यात फक्त लिहायचं. ब्रेक गेला तेव्हा गाडी किती चालली होती, तापली होती का, सवाऱ्या किती होत्या, आधीचा रस्ता कसा होता, पाऊस होता का, नाला ओलांडला होता का, पंप मारल्यावर पेडल वर आलं का, डबीत तेल किती होतं.” पोरगं हुशार आहे. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली की मागचे ड्रम ओले होऊन काही वेळ धरत नाहीत आणि सुकले की धरतात, हेही त्याला ठाऊक होतं. त्याचं म्हणणं असं की कधी कधी होणारा बिघाड लपून बसलेला नसतो, तो ठरलेल्या वेळी येतो. फक्त वेळ कोणी लिहून ठेवत नाही. चार-सहा नोंदी झाल्या की तापण्याचा रोग वेगळा, सीलचा वेगळा, बेअरिंगचा वेगळा, आपोआप तीन ढीग पडतील.

काकाजींनी वही हातात घेतली, चाळली, कोरी होती. “हे लिहून ठेवलं की पुरावा झाला,” ते म्हणाले. “मग दुरुस्तच करा लागंन.”

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. वही आता किराण्याच्या हिशेबाला आहे.

आणि दुरुस्त करून मिळवायचं तरी काय? ती जीप कोणी उसनी मागत नाही. साळे, जावई, निवडणुकीच्या दिवसांत कार्यकर्ते, कोणीही नाही. “नेता काय? ब्रेक कधी कधी लागत नाही हां,” एवढं म्हटलं की पाहुण्याला आठवतं की एसटी बरी पडते. मुलाने कॉलेजात न्यायचा हट्ट सोडला. सहप्रवासी मोबाइल बघत नाहीत. सगळ्यांचं लक्ष रस्त्यावर असतं. स्वतः काकाजी तर असे दूरदर्शी झाले आहेत की बोरगाव मंजूचा स्टँड दिसायच्या आधीच गिअर उतरवायला लागतात. ब्रेक लागणारी माणसं समोरच्या गाडीचा लाल दिवा बघतात. काकाजी त्या गाडीच्याही पुढच्या गाडीचा ड्रायव्हर कोणाशी बोलतो आहे ते बघतात.

शेवटी गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला तेव्हा जीप विकायची ठरली. गिऱ्हाईक परतवाड्याकडचं आलं. सकाळी सातची वेळ, गारवा, बडनेरा रोडवर एक चक्कर. गिऱ्हाईकाने तीनदा पाय मारून पाहिला.

“ब्रेक कसा हाये, काकाजी?”

“आजवर जेवढ्या मेकॅनिकांनी पाहिला, सगळ्यांनी एक नंबरच म्हटलं.”

हे अक्षरशः खरं होतं. सौदा झाला. काकूंनी दोन्ही दगड सीटखालीच राहू दिले, त्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. जीप आता उन्हाळ्यात पांढऱ्याच पाटीवर परतवाड्याहून चिखलदऱ्याला सवाऱ्या नेते, एका खेपेला दहा-बारा. परवा त्या माणसाचा फोन आला होता. घाट उतरताना एकदा पेडल खालीच गेलं म्हणे, थोडं थांबल्यावर ठीक झालं. असं आधी कधी व्हायचं का?

“कधी कधी,” काकाजी म्हणाले. “हवा काढून घ्या.”